मागून येते

लाइट गेलेत ते इतक्यात यायचे नाहीत, बोईसरची ही रोजची रड आहे. तेव्हा बसा. अर्चना, ती खुर्ची घेऊ नकोस, तिचा पाय मोडलाय. प्रीतम, तू कठड्यावरून खाली उतर बाबा. तुझ्या आईला मी काय सांगू?

तर उद्या तुम्ही राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीला निघालात. पत्रकारांसाठी खास, फुकट. सकाळी नाश्ता, मग गाइडबरोबर डोंगर, दुपारी वनभोजन, संध्याकाळी बोईसर स्टेशनला परत. आणि परवा तुम्ही लिहिणार, 'निसर्गाच्या कुशीत एक दिवस'. लिहा. तिथला धबधबा सुंदरच आहे. वरून पाणी पडतं आणि खालून धुकं वर चढतं, दोन्ही एकाच वेळी दिसतं. धबधब्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार माणसांबद्दल असते.

"काका, मग तुम्हीपण चला की," अर्चना म्हणाली.

मी नाही येत. का, ते ऐका. इथल्या किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या कमलाकांतच्या बाबतीत हे झालं, आणि कमलाकांतला मी वीस वर्षं ओळखतो. जे सांगतोय ते त्याच्याकडून आणि अजून एका माणसाकडून ऐकलेलं आहे. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलंय, दोन जागा सोडून सगळं जुळलं.

कमलाकांत त्या टूरवाल्या कंपनीची मिनीबस चालवायचा. त्याची मुलगी प्रियंका त्याच सहलीवर गाइड होती. पालघरच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र शिकलेली, चोवीस वर्षांची. दर रविवारी बाप-लेक पहाटे एकत्र निघायचे. ती ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसायची आणि वाटभर त्याला टोचायची.

"बाबा, उद्यानात हॉर्न नका मारू. पक्षी घाबरतात."

"पक्षी घाबरू देत गं. समोरचा डंपर घाबरला पायजे."

फाटकाशी बस लागली की ती बूट घट्ट करायची, शिट्टी गळ्यात अडकवायची आणि बापाला म्हणायची, "येते हां." आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, तेवढंच. आणि तो स्टिअरिंगवरूनच म्हणायचा, "ये."

आता डोंगरातली कामाची रीत सांगतो, कारण गोष्ट सगळी त्या रितीवर आहे. रांगेच्या पुढे एक गाइड असतो. तिथे तो देवू आहे, मासवणकडचा, उद्या तुम्हाला तोच भेटेल. आणि सगळ्यांच्या मागे एक गाइड असतो. त्याला ते लोक शेपटी म्हणतात. शेपटीच्या मागे कोणी राहायचं नाही, हा एकच नियम. कोणी फोटोला थांबलं, कोणी झुडपाआड गेलं, तर शेपटी थांबते. वळण आलं की देवू पुढून ओरडतो, "मागंऽऽ?" शेपटी ओरडते, "येतेऽऽ." म्हणजे, सगळी माणसं माझ्या पुढे आहेत, मी येते आहे. आणि खाली फाटकात पाय ठेवला की शेपटी म्हणते, "आले." मग साखळी लावायची. 'आले' ऐकल्याशिवाय लावायची नाही.

प्रियंका शेपटी होती.

मागच्या वर्षी श्रावणातल्या शेवटच्या रविवारी तिथे पाऊस आणि धुकं एकदम आलं. देवू रांग घेऊन घाईने उतरत होता. धबधब्याच्या वरच्या वळणावर प्रियंकाच्या लक्षात आलं, एक माणूस कमी आहे. सुजित नावाचा, आपल्या एमआयडीसीतला सुपरवायझर. ती त्याला शोधायला परत वर गेली.

तो वर नव्हताच. त्याला फोनला रेंज हवी होती, म्हणून तो मधल्या पाणवाटेने आधीच खाली उतरला होता. बसमध्ये बसून वेफर्स खात होता.

"अरे देवा," प्रीतम म्हणाला.

देवाला मध्ये आणू नकोस. पुढे सगळी माणसंच आहेत. कंपनीच्या मॅनेजरने बसमध्ये डोकी मोजली. गिऱ्हाइकांची. गाइडची डोकी मोजायची पद्धत नाही. भरली सगळी. लोक भिजलेले, परतीच्या ट्रेनची वेळ होतेय म्हणून कटकट करणारे. कमलाकांत म्हणाला, "माझी पोर वर हाय." मॅनेजर म्हणाला, "शेपटी आहे ती, मागूनच येणार. जेवणाच्या भांड्यांची जीप आहे ना, तिच्यातून येईल. तुम्ही काढा गाडी." जीपवाल्याला वाटलं, पोरगी बापाबरोबर गेली. आणि देवू बिचारा बसच्या टपावर सामान बांधत होता, त्याला वाटलं, साखळी कोणीतरी 'आले' ऐकूनच लावली असेल.

कमलाकांतने गाडी काढली.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी धबधब्याच्या खालच्या दरीत सापडली. डॉक्टर म्हणाले, पडली ती पहाटेच्या सुमारास. म्हणजे रात्रभर ती वर फिरत होती. बसमध्ये बसून घरी पोचलेल्या, जेवून झोपलेल्या माणसाला हाका मारत.

मी बातमी केली. मी लिहिलं होतं, 'तिला डोंगरावर सोडून बस निघून गेली.' छापून आलं, 'ती डोंगरावर मागे राहिली.' चार ओळी. त्याच पानावर खाली कंपनीची जाहिरात होती, पावसाळी सहलींची. मी संपादकांशी भांडलो, ते जाऊ द्या. कमलाकांतने नोकरी सोडली आणि इथे एका कारखान्याची स्टाफबस चालवायला लागला. दांडीतून बोईसर, बोईसरातून दांडी. बायको इंदुबाईशी बोलणं जवळपास बंद. ती एकदाच म्हणाली होती त्याला, "तुमी गाडी कशी काढली?"

सहली महिन्याभरात परत सुरू झाल्या. शेपटीला मिथुन नावाचा नवा मुलगा. पहिल्याच रविवारी धबधब्याच्या वळणावर देवूने सवयीने हाक दिली, "मागंऽऽ?" मिथुन म्हणाला, "येतोऽऽ."

आणि मिथुनच्या मागून, वरून, आवाज आला...

"येतेऽऽ."

त्या दिवसापासून देवू त्या वळणावर तोंड उघडत नाही. शिट्टी वाजवतो. मिथुन काम सोडून सुरतेला गेला. कंपनीला हे कळलं तेव्हा कंपनीने काय केलं असेल? सांगा. तुम्ही पत्रकार आहात.



पाटी लावली. हिरव्या रंगाची, सुबक. 'इको पॉइंट. येथे हाक मारा, डोंगर उत्तर देतो.'

उद्या तुम्हाला तिथे उभं करतील. लोक तिथे हसत हसत ओरडतात, "मागं?" आणि मोबाइल वर धरतात.

असाच एक मोबाइल कमलाकांतच्या बसमध्ये आला. सकाळची पाळी, बस भरलेली. मागच्या सीटवर दोन पोरं रविवारची सहल करून आलेली. एक दुसऱ्याला म्हणाला, "भाई, ये सुन. 'मागं' बोलो तो 'येते' आता है. लडकी की आवाज में. मस्त इको है." आणि त्याने आवाज मोठा केला.

कमलाकांतने ब्रेक मारला.

रस्त्याच्या मधोमध. मागून हॉर्न. बसमधली माणसं ओरडायला लागली, पंचिंगला उशीर होतो, चाचा चलो. तो काही हलेना. शेवटी सगळे शिव्या देत उतरले आणि रिक्षांनी गेले. एक जण उतरला नाही. तो रोज त्याच बसने जायचा, रोज अगदी मागे, मान खाली घालून बसायचा. तो पुढे आला आणि ड्रायव्हरच्या सीटजवळ उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला, "त्या दिवशी ताई ज्याला शोधत होत्या ना... तो मी."

कमलाकांतने त्याच्याकडे बघितलं. सुजित मला म्हणाला, मला वाटलं आता हा माणूस मला मारणार, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. पण कमलाकांतने एवढंच विचारलं,

"तुला तिची हाक ऐकू आली व्हती का? बसमध्ये?"

"आली होती." सुजित रडत होता. "लांबून. मी मॅनेजरना म्हटलंपण. ते म्हणाले, येईल. बाहेर पाऊस होता, दादा. मी परत बोललो नाही."

मग कमलाकांत म्हणाला, "ती अजून तुलाच शोधते. शेपटी हाय ती. मागं मानूस ठेवून खाली उतरायची नाय. तूच चल आता. तिला सांग, तू आलास म्हनून."

हे त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात. अमावास्या वगैरे काही नव्हती, उगाच लावणार नाही. शुद्ध तृतीया, रविवार. संध्याकाळी सगळ्या सहली उतरल्यावर दोघं स्टाफबस घेऊन फाटकाशी गेले. देवू साखळी लावत होता. त्याने कमलाकांतला बघितलं, काही न विचारता साखळी काढून दिली, हातातली बॅटरी दिली. "मला मागाहून काय इचारू नका," म्हणाला आणि घरच्या वाटेला लागला.

चढायला त्यांना वेळ लागला. कमलाकांत समुद्राकाठचा माणूस, डोंगर त्याने कधी चढला नव्हता. इतकी वर्षं तिला फाटकाशी सोडायचा, पण ती वर कुठे जाते ते त्याने बघितलेलं नव्हतं. वाटेत तो सुजितला विचारत होता, इथे ती काय सांगायची? या झाडाचं काय सांगायची? सुजितला काही आठवेना. त्या दिवशी त्याने ऐकलंच नव्हतं.

पाटीपाशी पोचले तेव्हा चंद्राची कोर बुडत होती. धबधब्याला पाणी थोडंच. वाळलेलं गवत कमरेएवढं. वारा नाही.

कमलाकांतने हाक मारली.

"मागंऽऽ?"

रातकिडे थांबले.

काही नाही.

काही नाही...

मग वरून. खूप लांबून.

"येतेऽऽ."

हाक पुरुषाची, बसक्या घशाची. उत्तर बाईचं. याला पाटीवर इको लिहिलंय.

सुजित खालीच बसला. पण तो म्हणतो, त्याने कमलाकांतचं तोंड बघितलं आणि तो जास्त घाबरला. कमलाकांत हसत होता. लग्नाच्या घरी पाहुणे दारात आल्यावर हसतात तसं.

"मागंऽऽ?"

"येतेऽऽ." थोडं जवळून.

"दादा," सुजित कुजबुजला, "सांगू का आता?"

"थांब. अजून एकदा."

मग तो हाक सोडून बोलायलाच लागला. घरात बोलतात तसा. "प्रियू, थंडी वाजते का गं?"

"येते."

"स्वेटर तुझा घरीच ऱ्हायला. आईनं धुवून ठेवलाय."

"येते."

"आई तुझी माझ्याशी बोलत नाय, प्रियू."

"...येते."

तिच्याकडे तेवढा एकच शब्द होता. आणि त्याला तो पुरत होता. सुजित म्हणतो, हा माणूस आता सकाळपर्यंत इथून उठणार नाही, रोज येणार, जन्मभर येणार, असं वाटलं मला. म्हणून त्याने तोंड उघडलं. आणि कमलाकांतने हाताच्या पंजाने त्याचं तोंड दाबून धरलं.

न जुळलेल्या दोन जागांतली ही पहिली. कमलाकांतने हे मला सांगितलं नाही. सुजितने सांगितलं. पंजा एवढा घट्ट होता की दात ओठात रुतले. त्याने खूण दाखवली मला.

दोघं तसेच अंधारात. आणि मग वरून दुसरा आवाज आला. तोच गळा. हाक मात्र कमलाकांतला नव्हती.

"सुजित सर... कुठे आहात?..."



"घाबरू नका, सर... आवाजाच्या दिशेने या... मी आहे इथे..."

गिऱ्हाइकांशी बोलायचा तो तिचा आवाज. गोड, धीर देणारा. फक्त दमलेला. श्रावणापासून मारलेल्या हाकांनी घसा बसलेला. एका शब्दात बापाला ते कळलं नव्हतं, ते आता कळलं.

पंजा सैल झाला. आपोआप पडला.

सुजित उठला. गवत धरून उभा राहिला.

"ताई... मी सुजित. मी खाली आलोय."

शांतता.

"मी तेव्हाच खाली आलो होतो, ताई. मी बसमध्ये होतो. मी... तुम्ही नका शोधू. मी हरवलो नव्हतो."

शांतता. पाण्याचासुद्धा आवाज नाही, असं दोघंही म्हणाले. वेगवेगळं विचारलं तरी हेच म्हणाले.

मग कमलाकांत बोलला. शेवटचं काय बोलायचं ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

"सगळे आले, प्रियू. मागं कोन नाय. आता तू पण ये."

उत्तर आलं नाही.

त्याने परत हाक मारली नाही. त्याला मारायची होती. हाक मारली तर ती उत्तर देईल, आणि उत्तर दिलं तर ती इथेच राहील, हे त्याला कळत होतं. तो वळला आणि उतरायला लागला.

सुजित पुढे, कमलाकांत मागे. सुजित शपथेवर सांगतो, कमलाकांतच्या मागे वाळकं पान वाजत होतं. माणूस चालतो तसं. ते थांबले की थांबायचं... चालले की...

कमलाकांत म्हणतो, त्याने काहीच ऐकलं नाही. कान फुटेस्तोवर लावले होते, तरी नाही.

फाटकाशी आले. त्याने बसचं दार उघडलं, आतला दिवा लावला. ड्रायव्हरच्या शेजारची सीट बाहीने पुसली. मग साखळीजवळ उभा राहिला आणि अगदी हळू विचारलं,

"मागं?"

'आले' म्हणायची जागा ती.

...

कोणी म्हणालं नाही.

रात्रभर दार उघडं ठेवून तो बसच्या पायरीवर बसून राहिला. सुजितही मागे बसून राहिला. उजाडलं. साखळीपलीकडे वाट रिकामी. कमलाकांतने दार लावलं. सुजितला म्हणाला, "आवाज तरी व्हता. तो पण घालवला मी." आणि गाडी बोईसरकडे वळवली.

सकाळी त्याने मला फोन केला. दांडीवरून. "तुमी या," म्हणाला. "आत्ता या."

मी गेलो. तो अंगणाच्या बाहेर, बोंबील वाळवायच्या बांबूंपाशी उभा होता. घरात शिरलाच नव्हता; बायकोने ओटीवरून सांगितलं ते ऐकून तिथेच थांबला होता. पँट गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरलेली. डोंगरातलं गवत मार्गशीर्षात वाळतं, त्याची ही कुसळं, सुईसारखी, कपड्यात घुसली की एकेक उपटावी लागतात. खाली समुद्राकाठी, वाळूत, हे गवत नाही. मी नंतर सगळा किनारा पायी फिरून खात्री केली.

"आत जा," तो म्हणाला. "ती काय सांगते ते ऐका. मना जाववत नाय."

इंदुबाई ओटीवर बसली होती. तिला नवऱ्याने कुठे गेला होता ते सांगितलं नव्हतं. रात्रपाळीला गेलाय, एवढंच तिला ठाऊक. मी काही सुचवलं नाही. नुसतं विचारलं, काय झालं, वहिनी?

"मी झोपलेली," ती म्हणाली. "दाराला आतून कडी. पहाटं मना ऊब लागली पाठीला. मी म्हटलं, सपान. म्हटलं, नको उठाय, उठले तर जाईल. तशीच पडून ऱ्हायले. उजाडल्यावर बघते तर..."

तिने मांडीवरची गोधडी उलगडली. माय-लेकी एका गोधडीत झोपायच्या, प्रियंका मोठी झाली तरी. भिंतीकडची बाजू आईची, दाराकडची तिची.

मी आयुष्यभर कारणं शोधली आहेत. मी कडी बघितली, खिडकी बघितली, कुत्रं आहे का विचारलं, गोधडी कोणाला वापरायला दिली होती का विचारलं. ती प्रत्येक वेळी मान हलवत होती, आणि मला हात लावू देत नव्हती.

"झटकून टाका, वहिनी," मी म्हटलं. "टोचतील."

"टोचू देत," ती म्हणाली.

भिंतीकडची बाजू स्वच्छ होती. दाराकडच्या बाजूला, खांद्यापासून पावलांपर्यंत, कुशीवर झोपलेल्या माणसाएवढ्या जागेत, कुसळंच कुसळं.